व्हिक्टोरियन काळातील कामाच्या इमारती: पंपिंग स्टेशन, गोदी, रेल्वेचे छत आणि त्यांचे सौंदर्य

खांबओळ (धागाकर्ता)

लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीच्या दक्षिण काठावरच्या दलदलीत, क्रॉसनेस नावाचे एक जुने पंपिंग स्टेशन आहे. दक्षिण लंडनचा मैला उपसून टाकीत साठवायचा आणि ओहोटी लागली की नदीत सोडून द्यायचा, एवढ्याच कामासाठी ते बांधले गेले. ४ एप्रिल १८६५ रोजी इंग्लंडच्या युवराजांनी त्याचे उद्घाटन केले. आत जेम्स वॉट आणि कंपनीची चार बाष्पइंजिने आहेत आणि त्यांना राजघराण्यातील व्यक्तींची नावे दिलेली आहेत: व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सॉर्ट, आल्बर्ट एडवर्ड आणि अलेक्झांड्रा. प्रत्येक इंजिनाची डोलणारी तुळई ४७ टनांची आणि गतिचक्र ५२ टनांचे आहे. मिनिटाला अकरा फेऱ्यांच्या संथ गतीने चालणारे हे इंजिन एका ठोक्याला सुमारे सहा टन सांडपाणी वर उचलत असे.

या यंत्रांच्या मधोमध ओतीव लोखंडाचा एक अष्टकोनी मंडप आहे. त्याचे खांब लाल-हिरव्या रंगांत रंगवलेले आहेत, त्यांच्या माथ्यावर पाने उमललेली आहेत, आणि खांबांमधल्या जाळीत वेलबुट्टीच्या मध्यभागी लंडनची सार्वजनिक कामे पाहणाऱ्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या संस्थेची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. ही जाळी जवळून पाहिली की लक्षात येते की साच्यातून काढलेल्या लोखंडातही पानाची शीर वेगळी उठून दिसेल इतकी काळजी घेतलेली आहे. वास्तुरचनाकार होते चार्ल्स हेन्री ड्रायव्हर, आणि संपूर्ण योजनेचे अभियंते जोसेफ बॅझलजेट.

या जागी रोज कोण येणार होते? कोळसा टाकणारे कामगार, तेलपाणी करणारे यांत्रिक आणि क्वचित एखादा अधिकारी. तरीही एवढे सगळे का केले गेले, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८५४ साली सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने कहर केला आणि नदीकाठच्या संसदभवनात पडदे दुर्गंधी मारणाऱ्या क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले. त्याच वर्षी २ ऑगस्टला कायदा झाला आणि बॅझलजेट यांना काम सुरू करण्याची मोकळीक मिळाली. त्यांनी ८२ मैल लांबीच्या मुख्य भूमिगत वाहिन्या बांधल्या आणि त्यासाठी सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या. हे सगळे काम जमिनीखाली गेले. लोकांच्या नजरेला पडेल असा या योजनेचा भाग म्हणजे नदीकाठचे बांध आणि ही पंपिंग स्टेशने. शहराला मरणाच्या दारातून मागे आणणारे काम लोकांना दिसावे, त्याचा मान राखला जावा, असे त्या संस्थेला वाटले असणार. उत्तर लंडनसाठी १८६८ मध्ये पूर्ण झालेले अ‍ॅबी मिल्स तर क्रूसाच्या आकाराच्या आराखड्यावर बांधलेले आहे आणि मध्यभागी घुमटवजा मनोरा आहे. त्याची दोन उंच नक्षीदार धुराडी दुसऱ्या महायुद्धात पाडण्यात आली.

पण माझे म्हणणे इथे संपत नाही. त्याच काळातल्या काही कामाच्या इमारती अशा आहेत की त्यांवर नक्षी जवळजवळ नाही, आणि माझ्या मते त्यांचे सौंदर्य क्रॉसनेसपेक्षाही वरच्या पायरीचे आहे. लिव्हरपूलची आल्बर्ट डॉक ही गोदी घ्या. जेसी हार्टली यांनी ती बांधली आणि १८४६ साली राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्ते ती सुरू झाली. जुन्या लाकडी वखारींना वारंवार आगी लागत, म्हणून हार्टली यांनी वीट, दगड आणि लोखंड यांखेरीज बांधणीत काही वापरलेच नाही. पाच मजली विटांच्या भिंती थेट पाण्याच्या कडेला उभ्या आहेत आणि त्यांचा भार एका माणसाच्या कवेत न मावणाऱ्या, ओतीव लोखंडाच्या पोकळ डोरिक (साध्या ग्रीक धाटणीच्या) खांबांवर घेतलेला आहे. खांबांच्या रांगेत ठरावीक अंतराने एकेक रुंद लंबगोल कमान येते. ती केवळ दिसायला छान म्हणून आलेली नाही. जहाजातून माल उचलणाऱ्या यारीचा हात फिरायला तेथे जागा हवी होती. नेमकी हीच कमान त्या लांबलचक रांगेला ताल देते.

जेम्स पिक्टन या लिव्हरपूलच्याच वास्तुरचनाकार आणि इतिहासकाराने १८७३ मध्ये या गोदीच्या मजबुतीची मुक्तकंठाने स्तुती केली आणि त्याच दमात तिला उघड्या विटांचा कुरूप ढीग म्हटले. तीच गोदी आज इंग्लंडमधील सर्वोच्च दर्जाच्या संरक्षित वास्तूंत मोडते. मधल्या काळात भिंती बदलल्या नाहीत, पाहणाऱ्यांची नजर बदलली.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: कामाच्या इमारतीचे सौंदर्य तिच्यावर चढवलेल्या अलंकारांत असते की तिच्या कामातूनच ते उगवते? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण क्रॉसनेससमोर उभे राहिले की तो डळमळतो.

ओळंबा

धागा आवडला. मी इमारतींच्या संरचनेचे गणित करणारा माणूस आहे, त्यामुळे तुमचा कल ज्या बाजूला आहे त्या बाजूने एक मोठे उदाहरण देतो, आणि ते म्हणजे लंडनमधील सेंट पँक्रास स्थानकाचे छत.

मिडलंड रेल्वेचा मार्ग स्थानकाच्या अलीकडे रीजंट्स कालवा ओलांडतो. तो कालव्यावरून न्यायचे ठरल्यामुळे फलाट रस्त्यापासून सुमारे वीस फूट उंचावर आले. खालची पोकळी मातीने भरून काढण्याचा विचार आधी होता, पण बर्टन गावाहून रेल्वेने येणारी बिअरची पिंपे ठेवायला तीच जागा सोयीची आहे हे लक्षात आले. मग अभियंता विल्यम हेन्री बार्लो यांनी तळघरातील लोखंडी खांबांमधले अंतर पिंपांच्या मापावरून ठरवले आणि ते १४ फूट ८ इंच आले. वरच्या छताच्या कमानी याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे २९ फूट ४ इंच अंतरावर आहेत. म्हणजे जे छत पाहून प्रवासी मान वर करून थबकतात, त्याचा ठेका खाली साठवलेल्या पिंपांनी ठरवलेला आहे.

एवढेच नाही. कमानीचे पाय बाहेर फाकू नयेत म्हणून त्यांना ताणाने, म्हणजे दोन्ही पायांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीने, बांधून ठेवावे लागते. इतर स्थानकांत हे ताण डोक्यावरून आडवे जातात आणि छताखालचा अवकाश तोडतात. बार्लो यांनी फलाटाच्या खालच्या तुळयांनाच ताणाचे काम दिले, त्यामुळे २४० फूट रुंदीच्या त्या पोकळीत मध्ये काहीही आडवे येत नाही. १८६८ साली छताखालची एवढी मोठी सलग जागा जगात दुसरीकडे नव्हती. कमानीच्या टोकाला जो हलका निमुळतेपणा आहे, तोही वाऱ्याच्या आडव्या जोराचा विचार करून आलेला आहे, आणि त्यामुळे ती दिसतेही अधिक चांगली, असे बार्लो यांनीच नोंदवले आहे. या कामात त्यांचे सहकारी रोलँड मेसन ऑर्डिश होते.

कमानींच्या बुडाशी उभे राहून पाहिले तर डर्बीशरच्या बटर्ली कंपनीचे नाव आणि १८६७ हे साल लोखंडातच ओतलेले दिसते. ज्यांनी काम केले त्यांनी त्यावर नाव घालावे, एवढा त्यांना त्याचा अभिमान होता.

आणखी एक गोष्ट. बॅझलजेट यांच्या अनेक वाहिन्यांचा छेद अंड्याच्या आकाराचा, निमुळते टोक खाली असलेला आहे. पाणी कमी असले तरी अरुंद तळामुळे त्याचा वेग टिकतो आणि गाळ बसत नाही, आणि पावसाळ्यात पाणी वाढले की वर रुंद जागा मिळते. अंधारात, कुणीही पाहणार नाही अशा ठिकाणी, गवंड्यांनी तो वक्र विटेला वीट लावून साधलेला आहे. माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण योजनेतील सर्वांत सुंदर आकार तोच आहे.

अक्षरवेल

या वादाला त्या काळातही धार होती. कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे मत असे होते की रेल्वे स्थानकावर अलंकरण करणे हा पैशाचा अपव्यय आहे. लोक तेथे घाईत असतात, त्यांना तेथून निघून जायचे असते, आणि म्हणून स्थानकाच्या सजावटीवर सोने खर्च करण्यापेक्षा ते रुळांखालच्या भरावात पुरावे, असे त्यांनी १८४९ मध्ये लिहून ठेवले आहे.

मला हे मत पटत नाही. घाईतल्या माणसालाही डोळे असतात, आणि जो माणूस रोज त्याच वाटेने जातो त्याच्या आयुष्यातला मोठा काळ त्या इमारतीत जात असतो. क्रॉसनेसमधील कोळसेवाल्याने बारा तास ज्या भिंतींकडे पाहिले त्या भिंती चांगल्या असाव्यात, असे कुणाला तरी वाटले, ही मला मोठी गोष्ट वाटते. कामाच्या इमारतीला सौंदर्य नको म्हणणे म्हणजे काम करणाऱ्याला ते नको म्हणणे आहे.

सरकी

सर्वांचे लिखाण मनापासून आवडले, परंतु अक्षरवेल यांच्या शेवटच्या वाक्यावर मला काही सांगायचे आहे. त्या भिंती कामगारासाठी सुंदर केल्या गेल्या असे गृहीत धरता येत नाही. ग्लासगोमधील टेम्पलटन गालिचा कारखान्याचे उदाहरण पाहा. व्हेनिसच्या राजप्रासादाच्या धर्तीवर त्याचे दर्शनी अंग रंगीत विटांनी नटवलेले आहे आणि आजही ते पाहून डोळे दिपतात. ते बांधले जात असताना १ नोव्हेंबर १८८९ रोजी वाऱ्याच्या झोताने अर्धवट उभी असलेली ती भिंत शेजारच्या विणकामाच्या छपरावर कोसळली आणि आत काम करणाऱ्या २९ स्त्रिया आणि मुली मरण पावल्या. ही भिंत कामगारांसाठी नव्हती, समोरच्या मोकळ्या हिरवळीपलीकडून पाहणाऱ्या शहरासाठी होती.

आल्बर्ट डॉकविषयीही असेच. त्या वखारींत चहा, रेशीम, साखर, तंबाखू यांबरोबर कापूस उतरत असे आणि १८६० च्या दशकापर्यंत त्यातला बहुतेक कापूस अमेरिकेत गुलामांनी पिकवलेला असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तो थांबला तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. आमच्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबई बंदरातून तिकडे गेला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळे कोसळले. माझे आजोळ खामगावचे आहे. कापसाच्या बाजाराने वाढलेले गाव म्हणजे काय हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यामुळे लिव्हरपूलच्या त्या खांबांकडे पाहताना मला आत भरलेल्या गाठींचा विसर पडत नाही.

यावरून इमारती कुरूप ठरतात असे मला म्हणायचे नाही. पण "काम" हा शब्द आपण ज्या आदराने वापरत आहोत, त्यात कुणाचे काम मोजले आहे आणि कुणाचे नाही, हेही पाहावे.

खांबओळ (धागाकर्ता)

सरकी, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे आणि ते या धाग्यावर यायलाच हवे होते. टेम्पलटनचा उल्लेख मी स्वतः टाळला असता, कारण ती इमारत मला फारशी आवडत नाही. आता त्याचे कारण अधिक स्पष्टपणे मांडता येते. तेथे दर्शनी भिंत एक आणि मागची विणकामाची छपरे दुसरी, असे दोन तुकडे आहेत. समोरचा भाग काढून टाकला तरी मागे गालिचे विणले गेले असते. आल्बर्ट डॉकमधला एकही खांब असा काढता येत नाही. क्रॉसनेस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

कापसाच्या इतिहासाबद्दल एवढेच म्हणेन की त्या गोदीचे सौंदर्य मान्य करण्यासाठी तो झाकावा लागत नाही. हार्टली यांची कमान यारीसाठी होती आणि यारी त्या गाठींसाठी होती, हे एकाच श्वासात सांगायला हवे.

पाणवठा

मी नॉटिंगहॅमजवळ राहते. येथून जवळच पॅपलविक हे पंपिंग स्टेशन आहे. तेथे मैला नव्हता. विहिरीतून पिण्याचे पाणी उपसून ते नॉटिंगहॅमला पुरवले जाई. मॅरियट ओगल टार्बटन या अभियंत्याने ते बांधले आणि १८८४ मध्ये ते पूर्ण झाले. तेथील दोन इंजिनेही जेम्स वॉट आणि कंपनीचीच आहेत आणि ती १९६९ पर्यंत कामात होती. आता ठरावीक दिवशी बाष्प सोडून एक इंजिन चालवून दाखवतात.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला पॅपलविकचे उत्तर निराळे आहे असे मला वाटते. तेथील इंजिनघरात खांबांभोवती धातूत घडवलेल्या पाणवनस्पती वर चढत जातात आणि त्यांतून मासे पोहताना दिसतात. माथ्यावर लांब चोचीचे पाणपक्षी आहेत. खिडक्यांच्या रंगीत काचांतही पाणवनस्पती आहेत. ऊन आले की त्या काचांचा रंग पॉलिश केलेल्या पितळावर उतरतो आणि तुळई वर-खाली होताना तो तुटतो आणि पुन्हा जुळतो. हे अलंकरण कामातून उगवलेले नाही हे खरे, कारण खांबावर मासा नसता तरी पाणी वर आलेच असते. पण ते त्या कामाविषयीच बोलते. येथे काय चालले आहे हे अक्षर न वाचता कुणालाही कळते. व्हेनिसचा राजवाडा गालिचांविषयी काहीच सांगत नाही. मला वाटते की अलंकार आणि काम यांच्यातला फरक मोजण्याचे हे अधिक चांगले माप आहे.

इंजिन चालू असताना आणखी एक गोष्ट जाणवते, जी छायाचित्रांत कधीच येत नाही. एवढे अवजड यंत्र चालूनही आवाज फार कमी येतो. तेलाचा वास, जमिनीतून पायांना जाणवणारा संथ ठोका आणि झडपांचा हलका उसासा एवढेच. ते घर त्या संथपणाच्या मापाने बांधलेले आहे: उंच, अरुंद, तुळईला वर जायला लागेल एवढे.

ओळंबा

पाणवठा, तुमचा शेवटचा मुद्दा अचूक आहे आणि त्यात संरचनेचेही कारण आहे. तुळई-इंजिन हे स्वतःच्या पायांवर पूर्णपणे उभे राहणारे यंत्र नसते. तुळईचा आस बहुधा इमारतीच्या भिंतीवर किंवा आतल्या खांबांवर टेकलेला असतो, म्हणून इंजिनघर हा यंत्राचाच एक भाग असतो. यंत्र काढले तर घराला अर्थ राहत नाही आणि घर काढले तर यंत्र पडते. तुमच्या मासे असलेल्या खांबांवर इंजिनाचा भार आहे, ही गोष्ट ते केवळ शोभेचे नाहीत हे सांगायला पुरेशी आहे.

अलंकार अजिबात नसलेले उदाहरण हवे असेल तर इंग्लंडमधील शिअरनेसच्या नौदल गोदीतील होड्यांचे कोठार पाहावे. कर्नल गॉडफ्री ग्रीन यांनी ते १८५८ ते १८६० या काळात बांधले. चार मजले, लोखंडी खांब आणि तुळया, त्यांचे सांधे इतके कडक की तिरप्या आधारांची गरज नाही, आणि बाहेरून फक्त पन्हाळी पत्रे आणि खिडक्यांच्या लांब पट्ट्या. विसाव्या शतकातील कार्यालयाची इमारत म्हणून कुणालाही खपेल. जवळजवळ शंभर वर्षे तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

दीपमाळ

या चर्चेत मुंबईचा एक खराखुरा धागा आहे, तो जोडते. ओळंबा यांनी ऑर्डिश यांचे नाव घेतले. सेंट पँक्रासच्या छतावर काम करणाऱ्या याच ऑर्डिश यांनी काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलचा आराखडा केला. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईला आणला गेला आणि १८६० च्या दशकाच्या शेवटी येथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलतचित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती येथेच. आज ती एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते आणि गेली अनेक वर्षे धोकादायक अवस्थेत आहे. तिचे खांब बाहेरून उघडे दिसतात. लोखंड लपवायचे नाही हा सेंट पँक्रासमधलाच विचार तेथे आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गोष्ट मात्र वेगळी आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलेली, घुमट आणि कोरीव कामाने नटलेली ती इमारत मुळात जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची कचेरी आहे. सेंट पँक्राससमोर जसे वास्तुरचनाकार गिल्बर्ट स्कॉट यांचे हॉटेल उभे आहे, तसेच हे. त्यावरील पाने, पक्षी आणि प्राणी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी कोरले, म्हणून मला ते परके वाटत नाहीत. पाणवठा यांच्या मापाने पाहिले तर मुंबईत सर्वांत अधिक गुण मी क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला देईन. प्रवेशद्वारांवर शिल्पकार लॉकवूड किपलिंग यांच्या शिल्पपट्ट्यांत कष्टकरी माणसे आहेत, आणि आत लोखंडी छताखाली हवा आणि उजेड खेळेल अशी व्यवस्था आहे. १८६९ पासून तेथे बाजार भरतो आहे.

गिरणगावाविषयी लिहायला बसले तर वेगळा धागा काढावा लागेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. करवती दातांच्या छपरांतून उत्तरेचा स्थिर उजेड मागांवर पडत असे. ती छपरे सर्वांत आधी गेली. काही ठिकाणी एकटी धुराडी तेवढी उभी राहिली आहेत आणि त्यांच्याभोवती मॉल आहेत.

सरकी

दीपमाळ, एकटे ठेवलेले धुराडे मला फार खटकते. माझे मामा गिरणीत होते. खाली बॉयलर नाही, माग नाहीत, चाळ नाही, आणि मध्येच एक उंच विटांचा खांब. पाणवठा यांच्या मापाने तो आता कशाविषयी बोलतो?

खांबओळ (धागाकर्ता)

सरकी यांच्या प्रश्नावरून जतनाकडे वळतो, कारण माझ्या मूळ प्रश्नाचे थोडे उत्तर तेथे सापडते असे मला आता वाटू लागले आहे.

आल्बर्ट डॉक १९७२ मध्ये बंद पडली, गाळाने भरली, आणि १९८८ मध्ये तेथे टेट कलादालन आले. सेंट पँक्रासच्या तळघरात जेथे पिंपे होती तेथून २००७ पासून पॅरिसचे प्रवासी जातात. किंग्ज क्रॉसजवळच्या गॅसच्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे उतरवून, दुरुस्त करून पुन्हा उभे केले गेले आणि त्यांच्या आत आता सदनिका आहेत. म्हणजे ज्या इमारतींनी फक्त जागा दिली, भार वाहिला आणि उजेड आत घेतला, त्यांना दुसरे काम मिळाले. गॅसच्या सांगाड्यांविषयी माझे मन साशंक आहे, कारण तेथेही सरकी यांचा धुराड्याचाच प्रश्न लागू होतो. निदान ते खांब, त्यांच्या आडव्या पट्ट्या आणि सांधे जवळून पाहता येतात, एवढे समाधान.

क्रॉसनेसला दुसरे काम मिळणे शक्य नव्हते. ओळंबा म्हणतात तसे ते घर आणि यंत्र एकच आहेत. गेल्या शतकाच्या मध्यावर पंप थांबल्यावर इंजिने तेथेच गंजत राहिली, कारण ती मोडून नेणेही परवडणारे नव्हते. १९८० च्या दशकात स्वयंसेवकांनी काम हाती घेतले आणि गंज खरवडत, सांधे सोडवत २००३ मध्ये प्रिन्स कॉन्सॉर्ट पुन्हा बाष्पावर चालवले. मंडपाचा एक भाग त्यांनी मूळ रंगांत रंगवला आणि दुसरा भाग गंजलेलाच ठेवला. दोन्ही शेजारी शेजारी पाहता येतात. गंजलेल्या बाजूलाही पानांच्या शिरा अजून स्पष्ट आहेत.

दीपमाळ, गिरणगावाचा धागा तुम्ही जरूर काढा. त्यात छपरांच्या रचनेविषयी ओळंबा यांनी लिहावे आणि सरकी यांनी मामांकडून ऐकलेले कामाचे वर्णन द्यावे, अशी विनंती आहे.